मानवी जनुकशास्त्राच्या एम.एस्सी.त आकडेमोड आधी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदवीनंतर मानवी जनुकशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक बहुधा एकच चौकशी करतात: विभागात सिक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनए वाचण्याचे, यंत्र कोणते आहे? माहितीपत्रकांतही यंत्राचाच फोटो मोठा असतो. ही चौकशी चुकीच्या जागी होते. यंत्रे दर काही वर्षांनी बदलतात आणि सॅम्पल बाहेर पाठवूनही डीएनए वाचून घेता येतो. कोणत्याही माणसाचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला की तुलनेसाठी ठरवलेल्या संदर्भ-जीनोमपेक्षा वेगळ्या अशा चाळीस-पन्नास लाख जागा हाती येतात. त्यांतली कोणती रुग्णाच्या आजाराला जबाबदार आणि कोणती निव्वळ योगायोगाने तिथे आहे, हे ठरवणे म्हणजे हा विषय. त्यासाठी संभाव्यतेचे गणित हातात बसलेले लागते. ते शेवटच्या सत्रातल्या एका पेपरात उरकण्याऐवजी पहिल्याच महिन्यात सुरू व्हावे, यासाठी हे पत्र.

सुरुवात कागदावरच्या वंशावळीपासून व्हावी. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, भरलेले चिन्ह म्हणजे बाधित व्यक्ती, किमान तीन पिढ्या. हे सर्वांना पाठ असते. तरी विद्यार्थ्यांच्या वंशावळीतून गर्भपात, मृतजन्म आणि ‘लहानपणीच गेला’ अशा शब्दांत उरकलेली मुले हमखास निसटतात. वारंवार गर्भपात होत असतील तर आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत संतुलित स्थानांतरण (तुकड्यांची अदलाबदल, पण डीएनए तेवढाच) असू शकते. नोंदच नसेल तर ती शंका सुचणारही नाही. वय न लिहिता नुसते ‘निरोगी’ लिहिणे हीसुद्धा तशीच चूक. हंटिंग्टनसारख्या उशिरा दिसणाऱ्या आजारात २५ वर्षांचा निरोगी मुलगा आपल्याला जवळजवळ काहीच सांगत नाही, ७० वर्षांचा निरोगी काका बरेच सांगतो.

मग त्याच कागदावर आकडे. एक अप्रभावी आजार, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच होणारा, १०,००० जन्मांत एकाला होतो असे धरा. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या सूत्राने जनुकाच्या सदोष रूपाचे, म्हणजे सदोष अ‍ॅलीलचे प्रमाण १०० मध्ये १ येते आणि वाहकांचे, म्हणजे सदोष प्रत एकच असल्याने स्वतः निरोगी राहणाऱ्यांचे, साधारण ५० मध्ये १. आजार इतका दुर्मीळ आणि वाहक इतके सर्रास, हे पहिल्यांदा मांडून पाहणाऱ्याला खरेच वाटत नाही. आता एका निरोगी तरुणाची बहीण या आजाराने बाधित आहे आणि त्याची पत्नी नात्यातली नाही. त्यांच्या बाळाला धोका किती? बहुतेक जण तरुण वाहक असण्याची शक्यता १/२ लिहितात. पण तो निरोगी आहे हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे चारांतली बाधित शक्यता बाद झाली, उरलेल्या तीनांपैकी दोन वाहकाच्या. म्हणून २/३ गुणिले १/५० गुणिले १/४, उत्तर ३०० मध्ये १. हेच आईवडील सख्खी चुलत किंवा आते-मामे भावंडे असतील आणि घरात आजाराचा काहीच इतिहास नसेल, तर अंतःप्रजनन गुणांक (एकाच पूर्वजाची तीच प्रत बाळाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता) १/१६ धरून धोका सुमारे १,४०० मध्ये १ येतो, म्हणजे सर्वसाधारण धोक्याच्या सातपट. आजार दहा लाखांत एक इतका दुर्मीळ असेल तर हीच वाढ ६३ पट होते. आजार जितका दुर्मीळ तितका नात्याचा वाटा मोठा. हे वाक्य पाठ करून कळत नाही, दोन्ही उदाहरणे स्वतः सोडवली की कळते.

नव्या माहितीने आधीची शक्यता सुधारणाऱ्या बेझच्या नियमाला तर पूर्ण आठवडा द्यावा. ड्युशेन स्नायुऱ्हास हा एक्स गुणसूत्राशी निगडित आजार; वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता १/२. एका स्त्रीची आई निश्चित वाहक आहे, म्हणून ही स्त्री वाहक असण्याची शक्यता १/२. तिला तीन निरोगी मुलगे झाले. वाहक असूनही तिघे निरोगी निघण्याची शक्यता १/८. आता दोन संयुक्त शक्यता मांडायच्या: वाहक असेल तर १/२ गुणिले १/८ म्हणजे १/१६, नसेल तर १/२ गुणिले १. पहिलीला दोघींच्या बेरजेने भागले की १/९. पन्नास टक्क्यांचा धोका कोणतीही तपासणी न करता अकरा टक्क्यांवर आला. या आजारात घराण्यातला एकटाच रुग्ण असेल, तर त्याच्या आईला थेट वाहक धरायचे नसते. बाधित मुलग्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांत उत्परिवर्तन नवे असते, म्हणून तिची शक्यता २/३. आणि तिच्या रक्तात दोष सापडला नाही तरी पुढच्या मुलाचा धोका शून्य होत नाही, कारण तिच्या बीजांडांपैकी काहींतच तो असू शकतो. ‘आईची तपासणी निर्दोष, पुढच्या वेळी काळजी नको’ असा सल्ला देणाऱ्याने हे प्रकरण वाचलेले नसते.

याच गणिताचा दुसरा उपयोग चाचण्यांच्या निकालात होतो. गर्भातल्या ट्रायसोमीसाठी (एखादे गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे) आईच्या रक्तावरची चाचणी ९९ टक्के संवेदनशील (बाधितांपैकी इतके पकडणारी) आणि ९९.९ टक्के विशिष्ट (निरोगींपैकी इतक्यांना निरोगीच म्हणणारी) आहे असे धरा. आणि त्या वयोगटात हजारात एक गर्भ बाधित असतो. लाख गर्भवतींची चाचणी केली तर १०० बाधित गर्भांपैकी ९९ सापडतील, आणि ९९,९०० निरोगी गर्भांपैकी साधारण १०० चुकीने पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल हातात आलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचे बाळ निरोगी आहे. गर्भजल किंवा वार यांच्या नमुन्यावर खात्री केल्याशिवाय निर्णय घेऊ नये असे का सांगतात, ते या चार ओळींत दिसते. जाहिरातीतले ‘९९ टक्के अचूक’ आणि या स्त्रीसाठी खरे ठरण्याची शक्यता, यांतला फरक ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला फळ्यावर मांडता येत नाही, त्याच्या हाती अहवाल देऊ नये.

प्रयोगशाळेतही पहिले काही आठवडे साध्या गोष्टींचे असावेत. रक्त कोणत्या नळीत घ्यायचे इथूनच चुका होतात. डीएनएसाठी ईडीटीएची नळी, गुणसूत्रांच्या कल्चरसाठी (पेशी वाढवण्यासाठी) सोडियम हेपॅरिनची. अदलाबदल झाली तर हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेला) अडथळा आणते, आणि ईडीटीएमधल्या पेशी कल्चरमध्ये नीट वाढत नाहीत. दोन्ही वेळा दोष अभिकर्मकांना दिला जातो.

गुणसूत्रांचे काम जुने झाले, असे सर्रास ऐकू येते. ते मान्य करता येत नाही. संतुलित स्थानांतरणात डीएनए कमी-जास्त होतच नाही, फक्त जागा बदलते. म्हणून डीएनए कमी-जास्त आहे का ते मोजणाऱ्या मायक्रोअ‍ॅरेला ते दिसत नाही आणि एक्झोमच्या (प्रथिने घडवणाऱ्या भागाच्या) वाचनातूनही बहुतेक वेळा निसटते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दिसते. पद्धत अशी: ५ मिलि माध्यमात सुमारे अर्धा मिलि रक्त, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) विभाजित व्हावेत म्हणून फायटोहीमॅग्लुटिनिन, ३७ अंशांवर ७२ तास. शेवटी कोल्सेमिड घालून विभाजन मेटाफेजमध्ये, गुणसूत्रे स्पष्ट दिसतात त्या टप्प्यावर, थांबवायचे, मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवायच्या, आणि तीन भाग मिथेनॉल, एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल या ताज्या मिश्रणात स्थिर करायच्या. स्लाइडवर थेंब टाकून, ती जुनी होऊ देऊन, ट्रिप्सिन आणि गिम्साने पट्टे उमटवायचे. कोल्सेमिड जास्त वेळ राहिले की गुणसूत्रे आखूड आणि जाड होतात, पट्टे एकमेकांत मिसळतात. क्लोराइडमध्ये कमी वेळ ठेवले तर गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली राहतात. जास्त ठेवले तर पेशी फुटून एखादे गुणसूत्र हरवते आणि ४५ मोजली जातात. जिओ आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये मानवी गुणसूत्रे ४६ असल्याचे दाखवले, त्याआधी अनेक वर्षे ४८ हीच संख्या पुस्तकांत छापली जात होती. या पेशी फुगवण्याच्या पायरीचा तो आकडा दुरुस्त होण्यात मोठा वाटा आहे, म्हणून तिची वेळ काटेकोर पाळायची.

किती पेशी मोजायच्या, याचेही गणित आहे. नेहमीच्या तपासणीत २० मेटाफेज मोजतात. सगळ्या एकसारख्या निघाल्या तर १४ टक्के किंवा त्याहून जास्त पेशींतला मोझेइक (सगळ्यांऐवजी काहीच पेशींत असलेला) दोष ९५ टक्के खात्रीने नाकारता येतो, कारण ०.८६ चा विसावा घात सुमारे ०.०५ येतो. दहा टक्क्यांपर्यंत खात्री हवी असेल तर ३० पेशी मोजाव्या लागतात. ‘मोझेइक नाही’ असे अहवालात कधीच लिहायचे नसते, किती टक्क्यांपर्यंत नाकारला तेच लिहायचे. १४ आणि २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे रॉबर्टसोनियन स्थानांतरण (दोन्ही एकमेकांना जोडली जाणे) हे सिद्धांत आणि निरीक्षण यांतल्या अंतराचे उत्तम उदाहरण आहे. कागदावर, जगू शकणाऱ्या गर्भांपैकी एकतृतीयांशांना डाउन सिंड्रोम व्हायला हवा. प्रत्यक्षात आई वाहक असेल तर तो १० ते १५ टक्के आणि वडील असतील तर त्याहून खूपच कमी असतो. अशा ठिकाणी सूत्र सोडून प्रत्यक्ष कुटुंबांतून जमवलेला आकडा वापरायचा.

डीएनए काढल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास आले की विद्यार्थी समाधानी होतात. त्या यंत्राला आरएनएसुद्धा डीएनएसारखाच दिसतो, त्यामुळे प्रमाण फुगून येते. सिक्वेन्सिंगसाठी फ्लुओरोमीटरचे माप घ्यावे. आणि नॅनोग्रॅमचे रूपांतर प्रतींत करायची सवय लावावी: मानवी जीनोमच्या एका प्रतीचे वजन सुमारे ३.३ पिकोग्रॅम, म्हणजे १० नॅनोग्रॅममध्ये जेमतेम ३,००० प्रती. खराब किंवा अतिसौम्य नमुन्यातून पीसीआरमध्ये पाचच प्रती शिरल्या, तर त्या पाचही एकाच पालकाकडून आलेल्या असण्याची शक्यता १/१६. हेटेरोझायगस (दोन प्रती वेगळ्या असलेला) माणूस होमोझायगस (दोन्ही सारख्या असलेला) दिसतो आणि पुढचा सगळा सल्ला उलटा होतो. प्रायमरच्या (पीसीआर जिथून सुरू होतो त्या छोट्या तुकड्याच्या) खालीच एखादा फरक दडलेला असेल तर नमुना उत्तम असूनही हाच परिणाम होतो. अनपेक्षित होमोझायगस निकाल आला की दुसऱ्या जागेवरच्या प्रायमरने पुन्हा पाहायचे आणि आईवडिलांचे नमुने तपासायचे. याला पर्याय नाही.

आता सिक्वेन्सिंग. ‘सरासरी ३० पट खोली’ म्हणजे प्रत्येक जागा ३० वेळा वाचली असे नव्हे. जी-सी (डीएनएच्या चार बेसपैकी म्हणजे अक्षरांपैकी दोन) जास्त असलेले पहिले एक्सॉन (जनुकाचे अंतिम आरएनएत राहणारे तुकडे) अनेकदा दहाच्याही खाली राहतात. दहा वाचनांत हेटेरोझायगस जागेवरचा बदललेला बेस एकदाच दिसण्याची किंवा अजिबात न दिसण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, सुमारे एक टक्का. एका एक्झोममध्ये अशा हेटेरोझायगस जागा हजारोंनी असतात, हे लक्षात घेतले की त्या एक टक्क्याचे वजन कळते. म्हणून ‘काही सापडले नाही’ असा निकाल आला की पहिला प्रश्न: संशयित जनुकाचे सगळे एक्सॉन वाचले गेले होते का?

काही जागा कितीही खोल वाचून उपयोग नसतो. स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत एसएमएन-१ हे जनुक आणि त्याचे जवळजवळ हुबेहूब भावंड एसएमएन-२ यांतला कामाचा फरक सातव्या एक्सॉनमधल्या एका सी ऐवजी टी इतकाच आहे. आखूड तुकडे कुठल्या जनुकातून आले ते नेहमीच्या प्रणालीला ठरवता येत नाही, म्हणून एमएलपीएसारख्या पद्धतीने प्रती मोजाव्या लागतात. त्यातही एकाच गुणसूत्रावर दोन प्रती आणि दुसऱ्यावर एकही नाही, असा वाहक निर्दोष दिसतो. हंटिंग्टनमधले सीएजी या तीन अक्षरांचे पुनरावर्तन किंवा फ्रॅजाइल एक्समधले सीजीजीचे, यांची लांबी आखूड वाचनाच्या भरवशावर सांगायची नसते. ४० किंवा अधिक सीएजी म्हणजे आजार नक्की, ३६ ते ३९ म्हणजे होईलच असे नाही, २७ ते ३५ म्हणजे स्वतःला होणार नाही पण पुढच्या पिढीत लांबी वाढू शकते. एका-दोन पुनरावर्तनांनी माणसाचे भवितव्य वेगळ्या रकान्यात जाते. तिथे मोजण्याची पद्धत कोणती, हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

अर्थ लावण्याच्या टप्प्यावर एसीएमजी या अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थेची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे सगळीकडे शिकवली जातात, पण रकाने भरण्यासारखी. जनुकातले प्रथिन मध्येच तोडणारा बदल सापडला की ‘अतिशय भक्कम पुरावा’ या खान्यावर खूण करून विद्यार्थी मोकळे होतात. त्याआधी विचारायचे की त्या जनुकात कार्य बंद पडल्याने आजार होतो का. अकॉन्ड्रोप्लाझिया हा बुटकेपणाचा आजार एफजीएफआर-३ या जनुकाचे काम वाढल्याने होतो. तिथे प्रथिन तोडणारा बदल सापडला तर तो त्या आजाराचे कारण ठरत नाही. तोडणारा संकेत शेवटच्या एक्सॉनमध्ये, किंवा त्याआधीच्या एक्सॉनच्या शेवटच्या ५० बेसमध्ये असेल, तर आरएनए नष्ट न होता अर्धवट प्रथिन तयार होऊ शकते. तिथेही तो खाना सरळ भरता येत नाही.

वारंवारतेचा हिशेब तर तोंडी यायला हवा. प्रभावी आजार (एकच प्रत सदोष असली तरी होणारा) १०,००० त एकाला होतो, आणि व्हेरिअंटची, म्हणजे डीएनएतल्या एका बदलाची, अ‍ॅलील वारंवारता ०.१ टक्के आहे. प्रत्येकाकडे दोन प्रती, म्हणजे ५०० माणसांत एकाकडे तो आहे. आजारापेक्षा २० पट जास्त लोक तो घेऊन निरोगी फिरत असतील, तर तो त्या आजाराचे ठाम कारण असू शकत नाही. उलट बाजूने, जुन्या शोधनिबंधांत ‘१०० निरोगी व्यक्तींत आढळला नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून येते. १०० व्यक्ती म्हणजे २०० गुणसूत्रे; शून्य वेळा दिसला तरी, ९५ टक्के खात्रीच्या ढोबळ नियमाने, खरी वारंवारता ३ भागिले २००, म्हणजे दीड टक्क्यापर्यंत असू शकते. त्या वाक्याने जवळपास काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय कोणत्या लोकांतली वारंवारता? २०१६ मध्ये झालेल्या मोजणीत जीनोमभर बदल आणि आजार यांची सांगड शोधणाऱ्या साहचर्य अभ्यासांतले ८१ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. त्याच वर्षी हृदयस्नायू जाड होण्याच्या आजाराबाबत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की कृष्णवर्णीय अमेरिकनांत सर्रास आढळणारे काही निरुपद्रवी व्हेरिअंट आजाराचे कारण म्हणून कळवले गेले होते. तुलनेच्या नमुन्यांत त्यांच्यासारखी थोडी माणसे असती, तरी चूक टळली असती. ज्यांचे पूर्वज मोठ्या डेटाबेसमध्ये कमी आहेत, अशा प्रत्येक कुटुंबाला हा धोका आजही आहे. नोमॅड या व्हेरिअंटच्या डेटाबेसमध्ये आकडा पाहताना एकूण वारंवारतेवर न थांबता गटनिहाय रकाने उघडायचे, हे प्रात्यक्षिकात गुण देऊन शिकवावे.

साहचर्य अभ्यासांबद्दल एवढेच: ५ गुणिले १० चा उणे आठवा घात ही निष्कर्ष निव्वळ योगायोग नव्हे असे मानण्याची मर्यादा म्हणजे ०.०५ भागिले दहा लाख स्वतंत्र चाचण्या. रुग्ण आणि तुलनेचे लोक वेगवेगळ्या वंशगटांतले असतील तर ती ओलांडूनही निष्कर्ष खोटा निघतो.

संगणकाच्या बाजूला लिनक्स, आर किंवा पायथन यावे, हे आता सगळेच मान्य करतात. पण घात होतो तो साध्या क्रमांकांत. जीआरसीएच-३७ आणि ३८ या संदर्भ-जीनोमच्या दोन आवृत्त्यांत त्याच बेसचा पत्ता वेगळा आहे. जीनोममधल्या जागांची यादी असलेली बेड फाइल शून्यापासून मोजते, व्हेरिअंटची यादी असलेली व्हीसीएफ एकापासून. सिकलसेलचा बदल जुन्या पुस्तकांत सहाव्या अमिनो आम्लावर आहे आणि आजच्या नियमाने सातव्या, कारण आता सुरुवातीचे मेथिओनिनही धरतात. संदर्भाची आवृत्ती आणि ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची कोणती आरएनए प्रत) न लिहिलेला व्हेरिअंट हा पत्ता नसलेल्या पाकिटासारखा. प्रबंधात तसा आढळला तर परत पाठवावा.

संमतीचा भाग शेवटच्या तासाला ढकलला जातो, याचे विशेष वाईट वाटते. आई, वडील आणि मूल या तिघांचे एकत्र वाचन केले की मुलातली नवी उत्परिवर्तने लगेच दिसतात. पूर्ण जीनोममध्ये ती साधारण ६० ते ७० असतात, प्रथिने घडवणाऱ्या भागात एखादेच. त्याच वाचनात वडील जैविक नसल्याचेही दिसते. ते कळवायचे की नाही, हे नमुना घेण्यापूर्वी ठरलेले आणि कुटुंबाला सांगितलेले असावे. मूळ तक्रारीशी संबंध नसलेले, पण उपचार शक्य असलेले दोष कळवण्याबाबत एसीएमजीने २०१३ मध्ये ५६ जनुकांची पहिली यादी दिली. ती पुढे वाढत गेली. कुटुंबाला ते नको असेल तर नकाराचा रकाना अर्जात हवा. आणि ‘अर्थ अनिश्चित’ या वर्गातल्या व्हेरिअंटवरून शस्त्रक्रिया किंवा गर्भपाताचा निर्णय घेतला जाऊ नये, हे अहवाल लिहिणाऱ्याने पहिल्या परिच्छेदात सांगावे. तळटीप कोणी वाचत नाही.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना एक ठोस सूचना. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पीसीआरचे टप्पे विचारू नयेत. विद्यार्थ्याला एक वंशावळ, तीन व्हीसीएफ फाइली, वाचनाच्या खोलीचा तक्ता आणि चार तास द्यावेत. उत्तर दोन कागदांत घ्यावे. पहिल्यावर व्हेरिअंटचा वर्ग, त्यामागचा प्रत्येक पुरावा आणि पुढच्या बाळाचा धोका आकडेमोडीसह. दुसऱ्यावर त्या कुटुंबाला त्यांच्या भाषेत एका पानाचे पत्र: काय सापडले, काय सापडले नाही, कोणत्या प्रकारचे दोष या चाचणीत दिसूच शकत नाहीत, आणि घरातल्या आणखी कोणाची तपासणी करावी. दोन्ही कागदांना समान गुण असावेत आणि पत्र तपासायला जनुकशास्त्र न शिकलेला एक परीक्षक बसवावा.

आपला,
मानवी जनुकशास्त्राचा एक अध्यापक